दोन औंस माती

नोकरीच्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांत मला एक सवय लागली होती. नववीला वनस्पतींच्या पोषणाचा पाठ सुरू करायच्या दिवशी मी घरून येताना पिशवीत बाभळीचा एक ओंडका घालून न्यायचे. पहिल्या वर्षी शिपाईमामांनी विचारलंसुद्धा, "बाई, आज वर्गात चूल मांडायची का?" ओंडका मुलांच्या हातातून फिरवायचा, प्रत्येकानं तो उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, आणि मग मी एकच प्रश्न विचारायचे. बी पेरलं तेव्हा हे लाकूड नव्हतं. आज आहे. मग हे वजन आलं कुठून?

उत्तरं ठरलेली असायची. माती. पाणी. खत. ऊन. एखादं हुशार मूल उभं राहून "प्रकाशसंश्लेषण" म्हणायचं आणि विजयी मुद्रेनं इकडेतिकडे बघायचं. "म्हणजे काय रे?" "झाड स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं." "कशापासून करतं?" की गाडी पुन्हा मातीवर. "हवेपासून" हे उत्तर मला इतक्या वर्षांत दोनदा मिळालं. त्यातलं एक मागच्या बाकावरून, चेष्टेत आलं होतं, आणि त्यावर सगळा वर्ग खो खो हसला होता.

मंडळी, आपल्या मुलांना हसण्याआधी हे ऐका. १९९७ साली अमेरिकेत 'माइंड्स ऑफ अवर ओन' नावाचा माहितीपट निघाला. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या पदवीदानाच्या दिवशी, झगे आणि टोप्या घातलेल्या पदवीधरांच्या हातात एक बी आणि एक ओंडका देऊन हाच प्रश्न विचारला होता. उत्तरं आमच्या नववीसारखीच. माती, पाणी, खनिजं. हे वजन बहुतेक सगळं हवेतल्या कर्बवायूतून आलं असं सांगितल्यावर काहींच्या चेहऱ्यावर जो अविश्वास दिसतो, तो मी वर्गात शेकडो वेळा पाहिलेला आहे.

ओंडका न्यायची कल्पना मी तिथूनच घेतली. पण प्रश्न माझ्या मानेवर त्याच्या पुष्कळ आधीपासून बसलेला होता.

१९८७ सालची गोष्ट. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. शाळा कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात होती. मी फळ्यावर समीकरण लिहिलं, बाण काढले, वर सूर्य काढला, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं : वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात. एक मुलगा उभा राहिला. वडील वारलेले, आजोबांबरोबर शाळेआधी रानात जाऊन यायचा. म्हणाला, "बाई, झाड सोताचं अन्न सोता करतंय, तर आमचं आबा उसाला युरिया कशाला टाकत्यात?"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं असं नाही, पण ते एका दमात येत नव्हतं, आणि तास संपायला दहा मिनिटं होती. मी म्हणाले, "पुस्तकात काय लिहिलंय ते वाच, आणि खाली बस."

चाचणीच्या पेपरात त्यानं लिहिलं होतं : झाडे मातीतून व खतातून अन्न घेतात. खत नाही घातले तर ऊस वाढत नाही. मी लाल शाईनं दोन्ही वाक्यांवर एकच काट मारली आणि शून्य दिलं. त्यानंतर वर्षभर त्यानं माझ्या तासाला हात वर केला नाही. त्याच्या दोन वाक्यांतलं दुसरं अगदी खरं होतं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. आणि पहिलं वाक्य, जे चूक होतं, तेही कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. ते ॲरिस्टॉटलचं होतं.

ॲरिस्टॉटलनं प्राण्यांच्या अवयवांवर लिहिताना झाडांचा विषय काढला आहे. त्याचं म्हणणं असं, की झाडाला पोट नसतं कारण त्याला त्याची गरज नाही. जमीन हेच झाडाचं पोट. तिथं अन्न आधीच पचून तयार असतं, मुळं ते फक्त ओढून घेतात. म्हणूनच झाड मलविसर्जन करत नाही. किती चोख तर्क आहे बघा. आपल्याकडेही संस्कृतात झाडाला 'पादप' म्हणतात, पायांनी पिणारा तो पादप. एका शब्दात अख्खा सिद्धांत. डोळ्यांना जे दिसतं त्यावरून विचार केला तर याहून वेगळं काही सुचणारच नाही. मुळं मातीत जातात, माती कसदार असली तर पीक जोमदार येतं, नसली तर खुरटतं. हा गैरसमज वेंधळेपणातून आलेला नाही, निरीक्षणातून आला आहे.

जवळजवळ दोन हजार वर्षं हे असंच चाललं. पंधराव्या शतकात, १४५० च्या सुमाराला, कूसाचा निकोलस नावाच्या जर्मन धर्मगुरूनं एक कल्पना मांडली. कुंडीत वजन करून माती घालावी, झाडं वाढवावीत, मग झाडं आणि माती वेगवेगळी तोलावीत. मातीचं वजन फारसं कमी झालेलं दिसणार नाही, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्ष तराजू हातात घेतला तो यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यानं, ब्रसेल्सच्या परिसरात, सतराव्या शतकात.

या प्रयोगावर मी दरवर्षी एक अख्खा तास घालवायचे. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मुख्याध्यापकांची बोलणीही खाल्ली आहेत. हेल्माँटनं एका मोठ्या मातीच्या भांड्यात भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती घातली, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ९० किलो. ती पावसाच्या पाण्यानं भिजवली आणि तिच्यात ५ पौंडांची विलोची काठी लावली. (आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज असतो, त्याच्याच कुळातलं हे झाड.) वाऱ्यानं धूळ उडून आत पडू नये म्हणून भांड्यावर कल्हई केलेला, भोकं पाडलेला लोखंडी पत्रा बसवला. आणि पाच वर्षं, मंडळी, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं. १६९ पौंड आणि वर सुमारे ३ औंस. दर शिशिरात गळून गेलेली पानं त्यात धरलेलीच नाहीत. माती पुन्हा वाळवून तोलली. २०० पौंडांना २ औंस कमी. औंस म्हणजे तोळ्याच्या हिशेबात अडीच तोळेसुद्धा भरत नाही. म्हणजे पाच वर्षांत कमी झालेली माती मुठीत मावेल एवढी.

इथं मी थांबायचे आणि मुलांना विचारायचे, तुम्ही हेल्माँटच्या जागी असता तर काय निष्कर्ष काढला असता? माती नाही हे तर ठरलं. घातलं काय होतं? पाणी. मग झाड पाण्याचं झालं! सगळा वर्ग एकमुखानं पाणी म्हणायचा. हेल्माँटनंही तेच म्हटलं. १६४ पौंड लाकूड, साल आणि मुळं केवळ पाण्यापासून उपजली. त्याचं हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, त्याच्या मुलानं छापलं.

गंमत पुढे आहे. 'गॅस' हा शब्द कुणी बनवला माहीत आहे? याच हेल्माँटनं. ग्रीक 'केऑस'वरून. त्यानं हिशेब मांडला होता की ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला तर राख उरते १ पौंड, बाकीचे ६१ पौंड जंगली वायू होऊन निघून जातात. हा जंगली वायू म्हणजे आपला कर्बवायू. लाकडातून वायू बाहेर पडतो हे ज्यानं तोलून सांगितलं, त्याच माणसाला लाकूड मुळात वायूतून आलं असेल ही शंका आली नाही. उत्तराचे दोन्ही तुकडे त्याच्या टेबलावर होते, ते जोडले गेले नाहीत.

आणि हाच हेल्माँट उंदीर तयार करायची कृतीही देऊन गेला आहे. मळकट सदरा आणि गहू एका भांड्यात ठेवा, २१ दिवसांत उंदीर तयार. मुलांना हे फार आवडायचं. मलाही आवडतं. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून पत्रा बसवणारा माणूस भांड्यात उंदीर शिरू शकतो हे विसरतो. एकाच डोक्यात काटेकोरपणा आणि भाबडेपणा शेजारी शेजारी सुखानं राहतात. माझ्या वर्गातही राहायचे, आणि (हे पुढे येईलच) टेबलाच्या अलीकडच्या बाजूलाही.

यानंतर १६९९ साली लंडनच्या जॉन वुडवर्डनं पुदिन्याच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिल्या. पावसाचं पाणी, टेम्स नदीचं पाणी, बागेतली माती कालवलेलं पाणी. पाणी जितकं गढूळ तितका पुदिना जास्त वाढला. शिवाय झाडानं ओढलेलं बहुतेक पाणी पानांवाटे उडून जातं हेही त्यानं तोलून दाखवलं. त्याचा निष्कर्ष, झाड पाण्याचं नव्हे, मातीचंच बनतं. म्हणजे फिरून ॲरिस्टॉटल! इंग्लंडमध्ये जेथ्रो टल तर म्हणायचा, झाडाची मुळं मातीचे बारीक कण खातात, तेव्हा माती जितकी भुसभुशीत कराल तितकं पिकाला जेवण सोपं. सिद्धांत चूक, पण त्यापायी त्यानं जी ओळीनं पेरणी आणि घोड्याच्या कोळप्यानं आंतरमशागत सुचवली, ती उपयोगी ठरली. चुकीच्या कारणासाठी केलेलं बरोबर काम. आमच्या उसाच्या बांधणीच्या वेळी मला हटकून टल आठवायचा.

म्हणजे दोन माणसं, दोन्ही प्रामाणिक, दोन्ही तराजू वापरणारी, आणि निष्कर्ष एकमेकांविरुद्ध. दोघांनीही एक वस्तू हिशेबात धरली नव्हती, कारण ती त्यांच्या लेखी वस्तूच नव्हती. हवा.

मुलांची गाडी नेमकी इथेच अडते, आणि हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. 'कर्बवायू' हा शब्द त्यांना पाठ असतो. पण हवेला वजन असतं हे मनातून पटलेलं नसतं. हवा म्हणजे काही नाही. 'हवा खाऊन जगतो का?' असं आपण उपाशी माणसाबद्दल म्हणतो. तेव्हा बाई कितीही सांगोत की झाड हवेपासून बनलं, मुलांना ते 'काही नाही'पासून बनलं असंच ऐकू येतं, आणि शहाणं मूल ते नाकारतं. नाकारायलाच हवं.

एका वर्षी मी वर्गातली पाच मुलं घेऊन गावातल्या सोनाराच्या दुकानात गेले. बरोबर शाळेचा फुटबॉल आणि पंप. नुसता आकार धरण्यापुरता फुगवलेला चेंडू इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, आकडा लिहिला. मग तिथंच उकिडवं बसून पोरांनी तो टणक होईपर्यंत हवा भरली आणि पुन्हा काट्यावर ठेवला. चार ग्रॅमच्या वर वाढला! सोनारसुद्धा काउंटरच्या बाहेर येऊन बघायला लागला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिशेब केला. वर्गखोलीची लांबी, रुंदी, उंची, घनमीटर. खोलीतली हवा भरली दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे दोन दणकट माणसांइतकी. आणि त्यात कर्बवायू? जेमतेम शंभर ग्रॅम. एक मुलगी म्हणाली, "एवढ्याशा वायूतून एवढं झाड?" हा आक्षेप खरा आहे, आणि हवा सतत वाहती असते, पानं अगणित असतात, एवढंच त्यावरचं उत्तर आहे. पण आता ती वजनाबद्दल बोलत होती, शब्दाबद्दल नव्हे.

युरोपातसुद्धा हवा 'वस्तू' व्हायला अठरावं शतक उजाडावं लागलं. स्टीफन हेल्सनं १७२७ साली पानं हवेतून काही पोषण घेत असावीत अशी शंका बोलून दाखवली. १७५० च्या दशकात जोसेफ ब्लॅकनं कर्बवायू वेगळा ओळखला. आणि १७७१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टलीनं मेणबत्ती विझवलेल्या बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली. (पुन्हा पुदिनाच. विज्ञानाच्या इतिहासात पुदिन्याचा मान मोठा आहे.) दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती छान जळली. झाडं बिघडलेली हवा सुधारतात! पण प्रीस्टलीचा हा प्रयोग कधी जमायचा, कधी नाही, आणि दुसऱ्यांना तर उलटंच दिसायचं.

का ते शोधलं यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरनं. हा गृहस्थ ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचून नावारूपाला आलेला. १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एक घर घेऊन त्यानं एका हंगामात पाचशेच्या आसपास प्रयोग केले आणि दाखवलं की हवा सुधारण्याचं काम फक्त झाडाचे हिरवे भाग करतात आणि फक्त उजेडात. अंधारात झाडं उलट हवा बिघडवतात.

आता इथून दुसऱ्या एका गैरसमजाचा उगम दिसतो, म्हणून जरा वाट वाकडी करते. उत्तरपत्रिकेत हमखास सापडणारं वाक्य : झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात व रात्री श्वसन करतात. इंगेनहाउझच्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच ही विभागणी आहे, उन्हात हवा शुद्ध करणं आणि सावलीत व रात्री ती बिघडवणं. खरं तर झाड चोवीस तास श्वसन करतं. दिवसा ते दुसऱ्या मोठ्या व्यवहाराआड झाकलं जातं इतकंच, दुकानात गर्दी असली की मालकानं स्वतःसाठी काढलेला चहा दिसत नाही तसं. 'रात्री झाडाखाली झोपू नये' आणि 'पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो' ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच तोंडून मी ऐकली आहेत. उजेड नसताना कुठलंच झाड ऑक्सिजन देत नाही. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कर्बवायू आत घेऊन साठवतात, पण ऑक्सिजन सोडायला त्यांनाही ऊन लागतं. आणि कुंडीतल्या झाडापेक्षा शेजारी घोरणारा माणूस खोलीतली हवा कितीतरी जास्त बिघडवतो. असो.

१७८२ साली जिनिव्हाच्या सेनेबियेनं दाखवलं की या कामाला कर्बवायू लागतोच. आणि १८०४ साली त्याच गावच्या निकोला-तेओदोर द सोस्यूरनं शेवटी सगळा जमाखर्च मांडला. बंद भांड्यात झाडं ठेवून त्यानं तोललं की झाडानं घेतलेल्या कर्बापेक्षा वजनातली वाढ जास्त आहे, तेव्हा उरलेली पाण्याची. म्हणजे हवा आणि पाणी. हेल्माँटचं छापलेलं पुस्तक आणि सोस्यूर यांच्यात १५६ वर्षं गेली. माझ्या वेळापत्रकात या पाठाला सहा तासिका होत्या.

पण सोस्यूरनं आणखी एक गोष्ट केली, आणि ती माझ्या त्या मुलाच्या प्रश्नाशी जाऊन भिडते. त्यानं झाडं जाळून राखेचं पृथक्करण केलं. राखेत जे क्षार सापडतात ते हवेतून आलेले नाहीत, मातीतून आलेले आहेत, आणि ते उगाच आलेले नाहीत, असं त्यानं सांगितलं. नत्रही झाड मुळांवाटे घेतं, हेही त्याचंच. म्हणजे हेल्माँटनं जे २ औंस किरकोळ म्हणून सोडून दिले होते, ते त्यानं उचलून काट्यावर ठेवले.

उसाला आबा युरिया का टाकतात याचं उत्तर त्या दोन औंसांत आहे. वाळलेल्या लाकडाचं वजन केलं तर साधारण ५० टक्के कर्ब, ४४ टक्के ऑक्सिजन आणि ६ टक्के हायड्रोजन. त्यातला कर्ब आणि ऑक्सिजन कर्बवायूतून येतो, हायड्रोजन पाण्यातून. (झाड जो ऑक्सिजन सोडतं तो मात्र पाण्याचा असतो. हे १९४१ साली रूबेन आणि केमन यांनी ऑक्सिजनचा जड भाऊ वापरून दाखवलं. मी समीकरण शिकवताना कित्येक वर्षं बाण उलटा काढत होते.) मातीचा वाटा टक्का-दीड टक्का, चुलीत मोळी जळून गेल्यावर जी ओंजळभर राख उरते तेवढा, आणि त्याशिवाय धुरात निघून जाणारं थोडं नत्र. पण नत्राशिवाय हरितद्रव्य बनत नाही, प्रथिनं बनत नाहीत. खत हे धान्य नव्हे, गिरणीचा पट्टा आहे. पट्टा तुटला तर दारात धान्याच्या राशी असोत, पीठ पडत नाही.

हे मी १९८७ साली दहा मिनिटांत सांगू शकले असते. त्या मुलाच्या गावात साखर कारखाना होता. त्याला एवढं जरी म्हटलं असतं, की पांढऱ्या साखरेच्या दाण्यात तुझ्या रानातल्या मातीचा आणि युरियाचा जवळपास कणही नाही, ती नुसती हवा आणि पाणी आहे, आणि मातीचा जो काही भाग उसात गेला तो मळीत, प्रेसमडमध्ये आणि बॉयलरच्या राखेत राहिला, म्हणून तर प्रेसमड परत रानात टाकतात... तर तो मुलगा मला आणखी दहा गोष्टी सांगू शकला असता. त्याला रान माहीत होतं. मला फक्त समीकरण.

बरं, त्याला चुकवायला आमची भाषाही होतीच. कृषी खात्याच्या पत्रकांत नत्र, स्फुरद, पालाश यांना 'अन्नद्रव्ये' म्हणतात, जस्त-लोहाला 'सूक्ष्म अन्नद्रव्ये'. जीवशास्त्राच्या पुस्तकात 'अन्न' म्हणजे शर्करा. मूल सकाळी रेडिओवर ऐकतं, पिकाला अन्नद्रव्ये द्या, आणि अकरा वाजता बाई सांगतात, पीक अन्न स्वतः करतं. दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर. वर्गात हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून त्यांतला फरक सांगावा, असं मला माझ्या बी.एड.मध्ये कुणी शिकवलं नाही. पाठाच्या टाचणात 'पूर्वज्ञान' असा एक रकाना असायचा. त्यात मी वर्षानुवर्षं लिहीत आले : विद्यार्थ्यांना वनस्पतीचे अवयव माहीत आहेत. ते मातीबद्दल काय मानतात, हे लिहायला रकाना नव्हता.

फार नंतर मला कळलं की १९८६ साली, म्हणजे त्या मुलाला मी खाली बसवलं त्याच्या आदल्याच वर्षी, जेम्स वँडरसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं नेमका हाच प्रश्न धरला होता. प्रकाशसंश्लेषणाच्या शोधाचा इतिहास वाचून, त्या इतिहासातल्या चुका आजच्या मुलांत सापडतात का, हे त्यानं शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारून तपासलं. बऱ्याच सापडल्या. मात्र मूल इतिहासाच्या पायऱ्या चढत येतं असं सरसकट म्हणू नये असं माझं मत आहे. माझ्या वर्गात हेल्माँटवाले थोडे, ॲरिस्टॉटलवाले पुष्कळ, आणि 'ऊन घट्ट होऊन लाकूड होतं' म्हणणारा एक होता, त्याला मला इतिहासात कुठंच जोडीदार सापडला नाही.

आणि सोस्यूरनंतर सगळे शहाणे झाले असंही नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं युरोपातले नामवंत शेतीतज्ज्ञ झाडं कुजलेला पालापाचोळा खाऊन वाढतात हेच शिकवत राहिले. १८४० साली लीबिगनं त्यांच्यावर जोरदार हल्ला चढवला. क्षार महत्त्वाचे, हे त्यानं ठासून मांडलं, पण पिकाला नत्र हवेतल्या अमोनियातून पुरेसं मिळतं असं तो धरून बसला, आणि त्यानं काढलेलं खत पाण्यात विरघळेना म्हणून फसलं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाच्या वाफ्यांवर सुरू केलेल्या प्रयोगांनी त्याला नत्राबाबत खोटं पाडलं. ते वाफे अजून पेरले जातात.

आता ते मघाशी म्हटलेलं, टेबलाच्या अलीकडच्या बाजूचं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, २०१० साली, ओंडका फिरून झाला, विलोची गोष्ट झाली, फुटबॉल झाला. एक मुलगी बराच वेळ पेन चावत बसली होती. तिनं हात वर केला. "बाई, माझी काकू डाएट करून बारा किलो बारीक झाली. ते बारा किलो कुठं गेले?"

वर्ग हसला. या वेळी मी हसले नाही, तिला खाली बसवलं नाही, प्रश्न चांगला आहे म्हणाले. आणि पूर्ण आत्मविश्वासानं उत्तर दिलं, की चरबीचं शक्तीत रूपांतर होतं, उष्णता होऊन ती निघून जाते.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मीरमन आणि ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांचा एक छोटा लेख आला. मी तो पुढच्या वर्षी वाचला. १० किलो चरबी शरीरात जळली की तिच्यातली ८.४ किलो कर्बवायू होऊन श्वासावाटे बाहेर जाते, उरलेली १.६ किलो पाणी होते. उष्णता निघते, पण ती वजन घेऊन जात नाही. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारलं होतं, आणि बहुतेकांनी माझंच उत्तर दिलं होतं. झाडानं हवेतून जे घेतलं ते काकूनं हवेत परत सोडलं होतं. ज्या ओंडक्यावर मी बारा वर्षं शिकवत होते, त्याचीच ती दुसरी बाजू होती. तो ओंडका तेव्हा माझ्या हातात होता.

त्या दिवशी वर्गात छपन्न मुलं होती. माझं उत्तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं.